वर्गातील सर्वांत धाकटा गुरू

शाळेच्या पालकसभेस गेलेला बाप गुरुजींना काय विचारतो? मुलगा वाचतो कसा, पाढे पाठ आहेत की नाहीत, अक्षर सुधारले की नाही, इतकेच. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु शेजारच्या मुलाची पेन्सिल हरवली तर आपला मुलगा हसतो की आपली पेन्सिल पुढे करतो. खेळात हरल्यावर तो काय करतो. राग आला म्हणजे त्याचा हात आधी उठतो की तोंडातून शब्द आधी निघतो, हे विचारणारा बाप आम्ही फार क्वचित पाहिला आहे. आणि खरे सांगावयाचे तर, असे काही आपण होऊन सांगणारे शिक्षकही आम्ही नव्हतो.

‘नव्हतो’ असे म्हणण्याचे कारण हे की, आम्ही स्वतः काही वर्षे एका खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकविले आहे. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, स्वभावाने शांत. एका वर्षी पावसाळा सरता सरता तो एकाएकी मारकुटा झाला. कोणाचा धक्का लागला की ठोसा, कोणी हसले की चिमटा. आम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले. ‘मी कोणास मारणार नाही’ हे वाक्य त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतले. शेवटी बापास बोलावून साऱ्या वर्गादेखत गाऱ्हाणे सांगितले. बापाने तेथेच त्याच्या थोबाडीत दिली. मुलगा रडला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत येईनासा झाला.

महिन्याभराने बाजारात त्याच्या आजीची गाठ पडली, तेव्हा आम्हांस कळले. त्याची पाच महिन्यांची बहीण ऐन पावसात तापाने गेली होती. ते कुटुंब पलीकडच्या वाडीतले, त्यामुळे आमच्या कानांवर काही आले नव्हते. शाळेतून घरी गेल्यावर बहिणीला मांडीवर घेऊन निजविण्याचे काम त्याचे असे. ती गेल्यावर आईला त्रास होईल म्हणून घरात तिचे नाव काढावयाचे नाही, असे सर्वांनी न बोलताच ठरविले होते. आम्ही त्या लेकरास राग आवरावयास सांगत होतो; पण तो राग नव्हताच, ते दुःख होते. त्याच्यापाशी त्या दुःखाला शब्द नव्हता, आणि आमच्यापाशी विचारावयास सवड नव्हती. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, अशा मुलांकरिता शाळेत काय करता येते याविषयी अलीकडे जगात पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांपैकी एक आम्हांस इतका भावला की तो आमच्या वाचककुटुंबांसमोर ठेवावा असे वाटले. त्या प्रयोगात वर्गाला शिकविणारा गुरू आहे अवघ्या काही महिन्यांचा. त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, आणि शिकवीत असता तो बहुधा आपला अंगठा चोखीत असतो.

हे शिक्षण कशाचे?

प्रथम या विषयाचे नाव समजून घेऊ. शिक्षणशास्त्रात यास ‘सामाजिक व भावनिक शिक्षण’ असे म्हणतात. १९९४ साली अमेरिकेत काही शिक्षक आणि विद्वान एकत्र आले आणि त्यांनी ‘कॅसल’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली. तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आपल्या देशाच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे.

नाव जड असले तरी अर्थ सोपा आहे. मुलाने पाच गोष्टी शिकावयाच्या. पहिली, आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे. दुसरी, ते आवरता व सांभाळता येणे. तिसरी, समोरच्याच्या मनात काय चालले असेल ते समजून घेणे. चौथी, मैत्री जोडणे आणि भांडण झालेच तर ते मिटविणे. पाचवी, परिणाम ध्यानी घेऊन काय करावे हे ठरविणे. आमच्या आजीने याला ‘माणसात वागता येणे’ असे म्हटले असते, आणि ते काही चुकीचे झाले नसते.

मग यात नवे ते काय? नवे इतकेच की, या गोष्टी मुलास आपोआप येतात अथवा उपदेशाने येतात, अशी आपली जी समजूत आहे, ती खरी नाही. अक्षर ओळखावयास शिकवावे लागते, तसेच मन ओळखावयासही शिकवावे लागते. ‘अ’ या अक्षरावर व्याख्यान देऊन कोणी मूल वाचू लागत नाही. त्याला अक्षर दाखवावे लागते, त्याचे नाव सांगावे लागते आणि पुनःपुन्हा गिरवून घ्यावे लागते. मनाचेही तसेच आहे.

हिरवी घोंगडी आणि लहानसा पाहुणा

कॅनडा देशातील टोरांटो शहरात मेरी गॉर्डन नावाच्या एक शिक्षिका होत्या. बालवर्गास शिकविता शिकविता त्यांच्या ध्यानात आले की, काही मुले शाळेच्या पहिल्याच दिवशी हरल्यासारखी येतात. त्यांच्या घरी जे घडलेले असते त्याचे ओझे ती बरोबर आणतात. म्हणून १९८१ साली त्यांनी शाळांतूनच आईबापांकरिता केंद्रे काढली. पुढे १९९६ साली त्यांनी जो उपक्रम सुरू केला त्याचे नाव ‘रूट्स ऑफ एम्पथी’, म्हणजे सहानुभूतीची मुळे. तो कॅनडाभर पसरला. तेथून न्यूझीलंड, आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी अशा अनेक देशांत गेला.

उपक्रम असा आहे. शाळेच्या परिसरातील एखादी आई, कधी बापही, आपल्या दोन ते चार महिन्यांच्या बाळासह वर्षभर एका वर्गाला भेट देण्याचे मान्य करते. सुमारे तीन आठवड्यांनी एक, अशा वर्षात नऊ भेटी होतात. वर्गात जमिनीवर हिरवी घोंगडी अंथरतात आणि मुले तिच्याभोवती बसतात. बाळ आले की मुले स्वागताचे गाणे म्हणतात, आणि आई बाळाला घेऊन एकेका मुलापुढून फिरते, जेणेकरून बाळाने प्रत्येकाकडे पाहावे. नंतर बाळाला घोंगडीवर ठेवतात. या कामासाठी शिकवून तयार केलेली एक व्यक्ती जवळ असते आणि ती मुलांस प्रश्न विचारते. वर्गाचे नेहमीचे शिक्षकही तेथेच बसलेले असतात.

प्रश्न साधे असतात. बाळ आता कोणीकडे पाहत आहे? त्याला काय हवे असेल? ते रडू लागले. भूक लागली असेल की झोप आली असेल, की इतके चेहरे पाहून ते बावरले असेल? आई त्याला कशी उचलते? तिच्या खांद्यावर गेल्यावर ते उगे का झाले? मागील वेळेस ते पालथे पडत नव्हते, आज पडले. त्याला कसे वाटत असेल? पुष्कळ खटपट करूनही खेळणे हातास लागत नाही, तेव्हा ते चिडते. तुम्हांला असे कधी झाले आहे काय?

या शेवटच्या प्रश्नातच सारे मर्म आहे. बाळाच्या चेहऱ्यावरून वाचावयास शिकलेला धडा मूल आपल्या मनाकडे वळविते, आणि मग शेजारच्या सोबत्याकडे. प्रत्येक भेटीच्या आधी एक तास तयारीचा आणि नंतर एक तास चर्चेचा, असे वर्षाचे एकूण सत्तावीस तास होतात. मुले चित्रे काढतात, गोष्टी वाचतात, बाळाची वाढ मोजून गणितही करतात. बाळाला उताणे निजवावे, रडते म्हणून त्याला कधीही हिसडू अथवा हलवू नये, त्याने मेंदूस इजा होते, हेही ती शिकतात. उद्या तीच मुले आईबाप होणार आहेत, आणि हे ज्ञान त्यांना अन्यत्र कोठे मिळेल याची खात्री नाही.

बाळच का?

कोणास वाटेल, हे सारे मोठ्या माणसाने समजावून सांगितले तर चालणार नाही काय? आमच्या मते बाळाची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. बाळाला मन लपविता येत नाही. ते हसते तेव्हा सर्वांगाने हसते, आणि रडते तेव्हा लाजत नाही. त्याला कोण श्रीमंत, कोण गरीब, कोण पहिला, कोण नापास, हे ठाऊक नसते. जो मुलगा वर्गात मठ्ठ म्हणून ओळखला जातो त्याच्याकडेही ते तितक्याच कुतूहलाने टक लावून पाहते. शिवाय मुलांच्या डोळ्यांसमोर केवळ बाळ नसते. बाळ आणि आई यांमधील नाते असते. रडणाऱ्याला कसे जवळ घ्यावे हे तेथे कोणी सांगत नाही. ते घडताना दिसते.

मेरी गॉर्डन यांनी आपल्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका मुलाची हकीगत दिली आहे. ती आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. तो आठवीच्या वर्गात होता, पण नापास झाल्यामुळे इतरांहून वयाने मोठा. चार वर्षांचा असता त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईचा खून झाला होता आणि त्यानंतर तो एका पालक घरातून दुसऱ्या पालक घरात वाढला होता. त्याचा अवतार असा की पाहणाऱ्याने दूरच राहावे. त्या दिवशी बाळाच्या आईने सहज सांगितले की, बाळ आपल्या कुशीत शिरत नाही, तोंड बाहेर करूनच राहणे त्याला आवडते. मग तिने बाळाला अंगाशी बांधून घेण्याची झोळी पुढे केली आणि कोणास घालून पाहावयाची आहे काय असे विचारले. हा मुलगा पुढे आला. झोळी बांधून त्याने बाळ छातीशी घेतले, आणि ते त्याच्या कुशीत शिरले. तो त्याला घेऊन कोपऱ्यात गेला व काही वेळ हलकेच झुलवीत राहिला. परत आल्यावर त्याने विचारले की, ज्याच्यावर कधी कोणीच प्रेम केले नाही, त्याला चांगला बाप होता येईल काय?

हा प्रश्न त्या मुलाच्या मनात किती वर्षे असेल कोण जाणे. भूगोलाच्या तासाला तो विचारता आला नसता, उपदेशाच्या तासाला तर नाहीच. आमच्या तिसरीतील मुलाची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहिली नाही. त्याच्याही मनात एक बाळ होते. फक्त ते आम्हांस दिसले नाही.

उपयोग होतो काय?

भावनेच्या भरात कोणत्याही प्रयोगाचे गोडवे गाणे बरे नव्हे. म्हणून या बाबतीत मोजमाप काय सांगते तेही पाहू.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात काही वर्गांत हा उपक्रम ठेवून आणि काही वर्गांत न ठेवता तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. उपक्रम झालेल्या वर्गांतील मुलांत मारामारी आणि आडून त्रास देणे कमी झाले, व दुसऱ्यास मदत करण्याची वृत्ती वाढली, असे दिसले. उलटपक्षी, उत्तर आयर्लंडमधील तशाच अभ्यासात वर्षाच्या अखेरीस थोडा सुधार दिसला, पण पुढे तीन वर्षांपर्यंत पाहता तो टिकल्याचे आढळले नाही.

या प्रकारच्या साऱ्या शिक्षणाचा एकत्र विचार करणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत जोसेफ डर्लक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ सालीच प्रसिद्ध केला. त्यात २१३ उपक्रम आणि दोन लाख सत्तर हजार विद्यार्थी यांचा आढावा होता. मुलांचे वागणे सुधारले, हे तर दिसलेच. पण अभ्यासातही प्रगती दिसली. शंभर मुले गुणांनुसार ओळीने उभी केली, तर मध्यावर असलेला मुलगा अकरा जागा पुढे सरकावा, इतकी ती प्रगती होती. शिवाय बाहेरचे तज्ज्ञ आणल्यावाचून वर्गाचे नेहमीचे शिक्षक हे काम चांगले करू शकतात, असेही त्यात आढळून आले. खेड्यातील शाळांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या सर्वांवरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, हे शिक्षण म्हणजे एकदा टोचून मोकळे होण्याची लस नव्हे. ते पावसासारखे आहे. दर वर्षी पडावे लागते. एका वर्षी एका वर्गात बाळ आले आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांच्या वाट्यास छडी व टोमणे आले, तर पेरलेले कसे उगवावे?

काही आक्षेप

आमचे एक वृद्ध स्नेही हे ऐकून म्हणाले, “हे काम घराचे आहे, शाळेने गणित शिकवावे.” काम घराचे आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या घरात दारूने अथवा दुखण्याने अथवा मरणाने सर्वांचीच तोंडे मिटली आहेत, त्या घरातील मुलाने कोठे जावे? आणि मनात वादळ चालले असता गणित तरी डोक्यात कसे शिरावे?

दुसरा आक्षेप असा की, याने मुले लाडावतील. राग आला असे मुलाने सांगितले म्हणजे त्याला मारण्याची परवानगी मिळाली, असा याचा अर्थ नाही. राग येण्यास मनाई नाही, मारण्यास आहे. उलट, ज्याला राग ओळखता येतो त्यालाच तो आवरता येतो. छडीने मूल गप्प बसते, हे खरे. पण बलवानाने दुबळ्याला मारावे, हाच धडा ते त्या छडीपासून घेते व मधल्या सुट्टीत गिरविते. आपल्या देशात २००९ सालच्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे. आम्ही त्या मुलाला सर्वांदेखत उभे केले, तेही त्या बंदीतच मोडते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आम्हां कॅथलिक लोकांस तर यात परके वाटण्याजोगे काही नाही. इटलीतील ट्युरिन शहरात रस्त्यांवर भटकणाऱ्या पोरांस जवळ करणारे संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीवर एक लहानसा निबंध लिहिला. विचार, धर्म आणि वात्सल्य या तीन पायांवर त्यांनी ती उभी केली आणि मारझोड तीतून वगळली. पुढे १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजाविले की, मुलांवर आपले प्रेम असणे पुरेसे नाही. ते प्रेम मुलांस कळले पाहिजे. आज जे संशोधक आकडे मांडून सांगतात, त्याचे बीज या एका विचारात आहे.

आपल्याकडील एक उदाहरण

तान्हे बाळ शाळेत, ही कल्पना आपल्याकडेही अगदीच नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता असे दिसले की, आईबाप कामावर गेल्यावर धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडेच असे. तेव्हा या बायांनी त्या मुलींस दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. भावंडाला कडेवर घेऊन या, असे मुलींस सांगितले. गुरे राखणाऱ्या मुलांकरिता तर शाळाच कुरणात नेली.

टोरांटोत बाळ वर्गात येते ते निमंत्रणाने, कोसबाडला आले ते गरजेने. पण दोन्हीकडे शिकविणाऱ्यांनी एकच गोष्ट ओळखली: मूल घर बाहेर ठेवून शाळेत येत नाही, ते घर घेऊनच येते. ते दाराबाहेर ठेवावयास लावणारी शाळा मुलाचा अर्धा भागच शिकविते.

आपण काय करावे?

मेरी गॉर्डन यांच्या उपक्रमासाठी शिकवून तयार केलेली माणसे लागतात. ती आपल्या गावी लगेच मिळणार नाहीत. तथापि, त्यातील तत्त्व घेऊन साध्या गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट शब्दांची. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. मूल चिडते, रुसते, फुगते, खट्टू होते, हिरमुसते, बावरते, धास्तावते, ओशाळते, वरमते, त्याला हेवा वाटतो, हुरहूर लागते, गहिवरून येते. या प्रत्येक शब्दाचा रंग निराळा आहे. परंतु आपण मुलांस दोनच शब्द देतो, ‘राग’ आणि ‘रडू’. गोष्ट वाचताना शिक्षकांनी, घरी बोलताना आईने, हे शब्द मुलांच्या ओंजळीत घालावेत. “तू रागावला नाहीस, बाळ, तू हिरमुसला आहेस, तुला खेळायला घेतले नाही म्हणून,” असे आईने म्हटले की मुलाचा चेहरा कसा बदलतो ते पाहावे. गोव्यातील मूल घरी कोंकणी बोलते, बेळगावकडचे बाजारात कन्नड ऐकते, बडोद्याचे गुजराती. मनातील गोष्ट त्याने ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगावी. तेथे शुद्धलेखन तपासू नये.

दुसरी गोष्ट कासवाची. मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरोल कुशे या अमेरिकन अभ्यासकांनी मुळात बहिऱ्या मुलांकरिता एक अभ्यासक्रम तयार केला. तो पुढे इतर शाळांत गेला. त्यात लहान मुलांस कासवाची युक्ती शिकवितात. राग आला की कासवाप्रमाणे हातपाय जवळ घ्यावेत; दीर्घ श्वास घ्यावा; आणि शांत झाल्यावर काय झाले व कसे वाटले ते सांगावे. ही युक्ती रागाच्या क्षणी शिकविता येत नाही. ती आधी, हसतखेळत, पुनःपुन्हा करून घ्यावी लागते. पोहणे बुडताना शिकविता येत नाही, तसेच हे.

तिसरी गोष्ट बाळाची. आपल्या गावांत तान्ही बाळे दुर्मिळ नाहीत. एखाद्या आईची आपखुशी असेल आणि बाळाची प्रकृती चांगली असेल, तर शिक्षकांनी तिला महिन्यातून एकदा अर्धा तास वर्गात बोलवावे. सर्दी-खोकला असलेल्या मुलांना बाळाजवळ बसवू नये. बाळ कंटाळले की भेट संपवावी. शिक्षकांनी शिकवू नये, विचारावे. आणि मुलगेही सारखेच बसावेत. मूल सांभाळणे हे बाईचे काम, ही समजूत तेथेच गळून पडली तर उत्तमच.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्गात कोणाही मुलास घरातील दुःख बोलून दाखविण्याची सक्ती करू नये. मनाचे दार आतूनच उघडावे लागते. बाहेरून आपण फक्त टकटक करावी आणि थांबावे. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटली जाऊ नये.

घरी तर याहून सोपे आहे. रात्री जेवण झाल्यावर अथवा प्रार्थना आटोपल्यावर आईबापांनी मुलास विचारावे, “आज तुला कशाने आनंद झाला? कशाने वाईट वाटले?” आणि तो सांगत असता मध्येच उपदेश करू नये. बापाने आपलेही सांगावे: “आज मला बाजारात अमुक एकाचा राग आला होता, मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.” बापालाही राग येतो आणि तो आवरता येतो, हे मुलास कळणे हा मोठाच धडा आहे. घरात कोणी गेले असेल तर त्याचे नाव काढावे. मुले विसरत नाहीत; फक्त गप्प बसतात.

आमचा तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. तो कोठे आहे, काय करतो, हे आम्हांस ठाऊक नाही. त्या दिवशी त्याच्या बापास बोलाविण्याऐवजी आम्ही त्याच्या शेजारी बाकावर बसून, “काय झाले रे बाळा?” इतके चार शब्द विचारले असते, तर तो बोललाच असता असे नाही. पण विचारण्यास काही खर्च पडला नसता. आज या ओळी वाचणाऱ्या एखाद्या शिक्षकाच्या वर्गात, अथवा एखाद्या आईच्या ओसरीवर, असाच एक मारकुटा मुलगा बसलेला असेल. त्याला शिक्षा करण्यापूर्वी ते चार शब्द त्यास विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.